शिल्पोद्यान

शिल्पोद्यान : शिल्पकृती उघड्या आकाशाखाली, वृक्ष, हिरवळ, पाणी व पायवाटा यांच्या सान्निध्यात कायम स्वरूपात मांडून लोकांना पाहण्यासाठी खुली केलेली जागा. संग्रहालयाचे दालन आणि सार्वजनिक उद्यान या दोहोंचे गुण तीत एकत्र येतात. दालनातील शिल्पाला छत, भिंत व ठरावीक प्रकाश यांची चौकट असते. उद्यानातील शिल्प ऊन, पाऊस व वारा यांना सामोरे जाते. त्यावरील छायाप्रकाश दिवसभर पालटत राहतो आणि प्रेक्षकाला त्याच्याभोवती सर्व बाजूंनी हिंडता येते. चौकात वा कचेरीसमोर उभारलेल्या एकट्या स्मारक-पुतळ्याहूनही शिल्पोद्यान भिन्न असते. पुतळा एखाद्या व्यक्तीच्या वा घटनेच्या स्मरणार्थ उभारला जातो. शिल्पोद्यानातील शिल्प हे प्रथम शिल्प म्हणून पाहिले जावे, अशी अपेक्षा असते.

शिल्प ही खर्चिक कला आहे. दगड, धातू, ओतकाम, वाहतूक आणि चौथऱ्याचे बांधकाम या सर्वांस मोठा पैसा लागतो. त्यामुळे नगरपालिका वा शासन यांनी केवळ स्वतःच्या उत्पन्नातून समग्र शिल्पोद्यान उभारल्याची उदाहरणे थोडी आहेत. बहुतेक प्रसिद्ध शिल्पोद्यानांच्या मुळाशी एखाद्या संग्राहकाने, दात्याने किंवा खुद्द शिल्पकाराने दिलेले दान असते. तथापि दान ही केवळ सुरुवात होय. दिलेली शिल्पे कोणी, कोठे व कशी सांभाळावयाची हे निश्चित झाले, तरच उद्यान टिकते. या दृष्टीने मुंबई, ठाणे व लगतच्या कोकणातील उदाहरणे विशेष बोधप्रद आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : उद्यानात शिल्पे मांडण्याची प्रथा प्राचीन आहे. रोमन सम्राट हेड्रिअन याने इ. स. दुसऱ्या शतकात टिव्होली येथे बांधलेल्या प्रासादाच्या परिसरात जलाशयाच्या काठाने मूर्ती उभारल्या होत्या. प्रबोधनकाळात पोप दुसरा जूलियस (कार. १५०३–१३) याने व्हॅटिकनमधील बेल्व्हेडीअर प्रांगणात प्राचीन शिल्पे एकत्र आणली, १५०६ मध्ये रोममध्ये उत्खननात सापडलेला लेअकोऑनचा शिल्पसमूह तेथेच ठेवण्यात आला. फ्रान्समधील व्हर्सायच्या राजोद्यानातही शेकडो शिल्पांची योजना आहे. परंतु ही सर्व स्थळे राजे, धर्मगुरू व सरदार यांच्या मालकीची असून सामान्य जनांना तेथे हक्काने प्रवेश नव्हता. लोकांसाठी शिल्पोद्यान ही कल्पना मुख्यत्वे विसाव्या शतकात रूढ झाली. बेल्जियममधील अँटवर्प येथील मिडलहाइम (१९५०), न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील ॲबी ऑल्ड्रिच रॉकफेलर शिल्पोद्यान (१९५३), जपानमधील हाकोने (१९६९) व इंग्लंडमधील यॉर्कशर (१९७७) ही त्याची काही ठळक उदाहरणे होत.

नॉर्वेतील ऑस्लो शहराचे उदाहरण निराळे आहे. शिल्पकार गुस्ताव्ह व्हिगेलान (१८६९–१९४३) याने १९२१ मध्ये नगरपालिकेशी करार केला. नगरपालिकेने त्याला राहण्यासाठी व कामासाठी वास्तू द्यावी आणि त्याच्या कृती शहराच्या मालकीच्या व्हाव्यात, असे त्याचे स्वरूप होते. त्यातून उभ्या राहिलेल्या उद्यानात दोनशेहून अधिक शिल्पे असून ती सर्व एकाच कलावंताची आहेत.

संग्राहक व शिल्पोद्यान : संग्राहक आपल्या आवडीने व स्वतःच्या पैशाने कलाकृती जमवितो. संग्रह वाढत जातो तसा त्याचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न त्याच्यासमोर उभा राहतो. वारसांत वाटणी झाली, तर संग्रह विखुरतो. लिलावात विकला, तर तो परदेशीही जातो. संग्रह एकत्र राहावा व तो लोकांनी पाहावा, अशी इच्छा असणाऱ्या संग्राहकाला सार्वजनिक संस्थेकडे वळावे लागते.

नेदर्लंड्समधील हेलेन क्रोलर-म्यूलर (१८६९–१९३९) या विदुषीने आपला विशाल संग्रह १९३५ मध्ये डच शासनाला दिला. त्यासाठी शासनाने संग्रहालय बांधावे, अशी अट होती. ओटर्लो येथे वनराईत ते संग्रहालय १९३८ मध्ये उघडले आणि पुढच्याच वर्षी तिचे निधन झाले. तेथील शिल्पोद्यान मात्र १९६१ साली, म्हणजे तिच्यामागे बावीस वर्षांनी सुरू झाले. दात्याने घालून दिलेल्या पायावर संस्थेने पुढे भर घातली, तर दानाचा विस्तार कसा होतो हे यावरून दिसते.

अमेरिकेतील जोसेफ हर्शहॉर्न (१८९९–१९८१) हा लॅटव्हियात जन्मलेला व लहानपणीच अमेरिकेत आलेला उद्योगपती. रोखे-व्यवहार व खाणी यांतून त्याने संपत्ती मिळविली आणि तीतून चित्रे व शिल्पे विकत घेतली. १९६६ मध्ये त्याने सु. सहा हजार कलाकृती राष्ट्राला देऊ केल्या. अमेरिकन काँग्रेसने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि वॉशिंग्टन येथे संग्रहालय व शिल्पोद्यान १९७४ मध्ये खुले झाले. वास्तुविशारद गॉर्डन बनशाफ्ट याच्या मूळ आराखड्यात शिल्पोद्यान राजधानीतील विस्तीर्ण हिरवळीचा पट्टा आरपार छेदून जात होते. त्यास लोकांनी विरोध केल्यामुळे आराखडा बदलून उद्यान आक्रसते घेण्यात आले व जमिनीच्या पातळीखाली बसविण्यात आले. दान कितीही मोठे असले, तरी त्यासाठी लागणारी जागा लोकांची असते व तिच्या वापराविषयी लोकमत विचारात घ्यावे लागते, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.

डॅलस येथील रेमंड नॅशर या बांधकाम-व्यावसायिकाने आपल्या संग्रहातील शिल्पे प्रारंभी स्वतःच्या बाजारसंकुलात येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर मांडली होती. पुढे त्याच्या पुढाकाराने शहराच्या मध्यभागी शिल्पकेंद्र व उद्यान उभारण्यात आले (२००३). २०१२ च्या सुमारास शेजारी उभारलेल्या काचेच्या उंच इमारतीवरून परावर्तित होणारे प्रखर ऊन दालनांत व झाडांवर पडू लागले आणि त्यावरून मोठा वाद झाला. शिल्पोद्यानाचे भवितव्य त्याच्या कुंपणाबाहेर काय घडते यावरही अवलंबून असते. उंच इमारतींची दाटी झालेल्या ठाणे व कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरांना हे उदाहरण लागू पडण्यासारखे आहे.

कोकणातील परंपरा : उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी स्थानक म्हणजे आजचे ठाणे होय. या राजवटीत (सु. नववे ते तेरावे शतक) ठाणे, कल्याण व आसपासच्या प्रदेशांत मंदिरे, मूर्ती व कोरीव शिळा मोठ्या प्रमाणावर निर्माण झाल्या. कल्याणच्या दक्षिणेस असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ (इ. स. १०६०) मधील शिलालेख आहे. भूमिज शैलीतील या मंदिराच्या बाह्यभिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत. १८६८ मध्ये मुंबई सरकारच्या पुढाकाराने तेथील शिल्पकामाची रेखाटने व प्लॅस्टरचे ठसे घेण्यात आले आणि त्या कामी मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील मंडळींचा सहभाग होता. बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्धाचे कोरीव दृश्य आहे; काही अभ्यासक त्याचा संबंध शिलाहार-यादव संघर्षाशी जोडतात.

या प्रदेशातील उघड्यावरील शिल्पांचा आणखी एक प्रकार म्हणजे गधेगाळ. राजाने किंवा अधिकाऱ्याने एखाद्या देवालयास, ब्राह्मणास वा गावास जमीन किंवा उत्पन्न दान दिले, की त्या दानाची नोंद उभ्या शिळेवर कोरीत. शिळेच्या शिरोभागी चंद्र व सूर्य असतात. हे दान चंद्र-सूर्य असेपर्यंत चालावे, असा त्यांचा अर्थ. मध्यभागी लेख आणि तळाशी दान मोडणाऱ्यास उद्देशून शापप्रतिमा कोरलेली असते. तीत गाढव असल्यामुळे शिळेस हे नाव पडले. अलिबागजवळील आक्षी येथील मराठी लेखाची शिळा याच प्रकारात मोडते. दाता गेल्यानंतर दानाचे रक्षण कोणी करावयाचे, हा प्रश्न या शिळा कोरणाऱ्यांनाही पडला होता आणि त्यांनी तो शापाच्या भयाने सोडविण्याचा प्रयत्न केला. काळाच्या ओघात लेख दुर्बोध झाले. अनेक गधेगाळ शेताच्या बांधावर वा रस्त्याकडेला पडून राहिले. कित्येकांना शेंदूर लावून त्यांची दैवते बनविण्यात आली. मजकूर वाचणारे कोणी उरले नाही, तेव्हा शापाचेही संरक्षण संपले.

मुंबईतील भायखळ्याचे उद्यान : महाराष्ट्रात शिल्पोद्यानाच्या कल्पनेला सर्वांत जवळचे सार्वजनिक स्थळ म्हणून भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाचा (पूर्वीचे व्हिक्टोरिया गार्डन्स किंवा राणीची बाग) व त्यातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या परिसराचा निर्देश करावा लागेल. मात्र हे शिल्पोद्यान योजनापूर्वक उभारलेले नाही. ते वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या कारणांनी जमत गेले.

उद्यान १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते उघडण्यात आले. १८७३ पासून त्याची व्यवस्था नगरपालिकेकडे आली. संग्रहालयाची इमारत लोकांच्या वर्गणीतून व देणग्यांतून उभी राहिली. त्या कामी जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड व डॉ. जॉर्ज बर्डवुड हे अग्रभागी होते. ती २ मे १८७२ रोजी खुली झाली. शेजारचा घड्याळाचा मनोरा डेव्हिड ससून यांच्या देणगीतून बांधलेला आहे. १९७५ मध्ये संग्रहालयास भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. २००३ मध्ये महानगरपालिका, इन्टॅक ही वारसा-संवर्धन संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार होऊन इमारतीचे जीर्णोद्धाराचे काम हाती घेण्यात आले व २००८ मध्ये ती पुन्हा लोकांसाठी खुली झाली.

संग्रहालयालगत उभा असलेला काळ्या पाषाणाचा हत्ती हे या परिसरातील सर्वांत प्राचीन शिल्प होय. तो मूळचा घारापुरी बेटावरील. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८१४ मध्ये त्याचे डोके व मान गळून पडली. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा उचलताना यारी तुटून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या उद्यानात आणून ठेवण्यात आले आणि १९१४ मध्ये कॅडेल व ह्यूएट यांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. सु. पन्नास वर्षे पडून राहिलेल्या या तुकड्यांना उद्यानाने आसरा दिला, म्हणूनच ते जुळविता आले.

उद्यानातील इतर महत्त्वाची शिल्पे दात्यांनी शहराला दिलेली आहेत. परंतु ती बागेसाठी दिलेली नव्हती. मॅथ्यू नोबल याने घडविलेला राणी व्हिक्टोरियाचा आसनस्थ संगमरवरी पुतळा बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांची भेट होय. १८७२ मध्ये तो फोर्ट विभागात नक्षीदार छत्रीखाली बसविण्यात आला. १८९६ मध्ये पुतळ्यास डांबर फासण्यात आले. ते कृत्य आपले असल्याचे दामोदर हरी चाफेकर यांनी पुढे आपल्या आत्मवृत्तात नमूद केले. संगमरवर सच्छिद्र असल्याने डाग आत मुरले होते. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी ते यशस्वी रीत्या काढले आणि त्यामुळे त्यांची मोठी ख्याती झाली. भारतातील शिल्प-संवर्धनाच्या इतिहासात आधुनिक रसायनशास्त्राच्या उपयोगाचे हे एक आरंभीचे उदाहरण म्हणता येईल.

दुसरा पुतळा सातव्या एडवर्डचा. युवराज असताना १८७५-७६ मध्ये त्याने भारताला दिलेल्या भेटीच्या स्मरणार्थ सर ॲल्बर्ट ससून यांनी तो जोसेफ एडगर बोएम या शिल्पकाराकडून करवून घेतला व १८७९ मध्ये तो उभारण्यात आला. ब्राँझच्या या काळसर अश्वारूढ पुतळ्यावरून त्या भागाला ‘काळा घोडा’ हे नाव पडले. १९६५ मध्ये शहरातील ब्रिटिशकालीन पुतळे हलविण्यात आले, तेव्हा व्हिक्टोरिया व एडवर्ड यांचे पुतळे भायखळ्याला आले. लॉर्ड कॉर्नवॉलिस व वेलस्ली यांचे पुतळेही याच परिसरात आहेत. पुतळा गेला, तरी काळा घोडा हे नाव राहिले. २०१७ मध्ये तेथे स्वाराविना असलेल्या घोड्याचे नवे शिल्प उभारण्यात आले.

या स्थलांतराने पुतळ्यांचा अर्थ पालटला. चौकात ते सत्तेची खूण होते आणि म्हणूनच लोकांच्या रोषाला पात्र होते. उद्यानात आल्यावर त्यांकडे घडणीचे नमुने व इतिहासाचा पुरावा म्हणून पाहता येऊ लागले. परंतु त्याचबरोबर त्यांचे नुकसानही झाले. मूळ चौथरे, छत्री व पार्श्वभूमी यांपासून ते तुटले; उंचावरून पाहण्यासाठी योजलेली प्रमाणबद्धता जमिनीलगत विजोड वाटू लागली. नकोशी झालेली शिल्पे फोडून न टाकता ती सांभाळण्याचा निर्णय विवेकाचा होता. तथापि हलविणे म्हणजे जतन करणे नव्हे. हलविल्यानंतर मांडणी, माहितीफलक व निगा यांची जोड मिळाली, तरच कोठाराचे शिल्पोद्यान होते.

औंध व पुणे : महाराष्ट्रातील संग्राहकांपैकी औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचे कार्य येथे विशेष उल्लेखनीय आहे. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेबांनी सातारा जिल्ह्यातील औंध येथे यमाई देवीच्या डोंगरावर संग्रहालयाची इमारत बांधली व १९३८ मध्ये आपला संग्रह तीत मांडला. भारतीय चित्रकारांच्या कृतींबरोबरच पाश्चात्त्य कलाकृतींच्या प्रतिकृती व संगमरवरी शिल्पे त्यात आहेत. विख्यात ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर याचे ‘माता व बालक’ हे पाषाणशिल्पही या आडगावातील संग्रहालयात आहे. पुढे हे संग्रहालय राज्य शासनाच्या व्यवस्थेखाली आले. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीही आयुष्यभर जमविलेला संग्रह १९७५ मध्ये शासनाच्या स्वाधीन केला. दिवंगत पुत्राच्या नावाने तो ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ म्हणून ओळखला जातो. ही दोन्ही ठिकाणे दालनांची आहेत, उद्यानांची नव्हेत. परंतु खाजगी संग्रह लोकांचा कसा होतो, याचे ती महाराष्ट्रातील आदर्श होत.

शिल्पकारांची शिल्पालये : संग्राहकाऐवजी शिल्पकाराने वा त्याच्या कुटुंबीयांनी सांभाळलेला संग्रह हा या विषयाचा कोकणातील विशेष आहे. अलिबाग तालुक्यातील सासवणे येथे विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांचे शिल्पालय आहे. गावातील देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले चित्र पाहून ऑटो रॉथफील्ड या जिल्हाधिकाऱ्याने त्यांना मुंबईच्या कलाशाळेत शिक्षणासाठी पाठविण्याची व्यवस्था केली. पुण्यातील छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ ब्राँझ-पुतळा (१९२८) ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कृती. सासवण्याच्या त्यांच्या घरात व घराभोवतीच्या आवारात कोळीण, शेतकरी, घरची माणसे, जनावरे अशी नित्याच्या जीवनातील शिल्पे आहेत. ज्या परिसरातून ती स्फुरली, त्याच परिसरात ती पाहावयास मिळतात, हे या शिल्पालयाचे वैशिष्ट्य होय.

डोंबिवली येथील औद्योगिक वसाहतीच्या परिसरात सदाशिव ऊर्फ भाऊ साठे (१९२६–२०२१) यांचे शिल्पालय आहे. कल्याणशी निकटचा संबंध असलेल्या साठे यांनी मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिल्पकलेचे शिक्षण घेतले. दिल्लीत चांदणी चौकाजवळ उभारलेला महात्मा गांधींचा पुतळा (१९५४) त्यांनी ऐन तारुण्यात घडविला. मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर असलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा (१९६१) हीही त्यांचीच कृती होय. कारखाने व दाट लोकवस्ती यांच्या शेजारी असलेल्या शिल्पालयात त्यांच्या शिल्पकृती एकत्र पाहावयास मिळतात.

अशा शिल्पालयांचे मोल शिल्पनिर्मितीच्या पद्धतीवरून ध्यानात येते. ब्राँझचा पुतळा थेट धातूत घडवीत नाहीत. प्रथम लोखंडी सांगाड्यावर मातीत शिल्प घडवितात. त्यावरून प्लॅस्टरचा साचा काढून त्यात प्लॅस्टरची प्रत ओततात आणि तीवरून अखेरीस धातूचे ओतकाम होते. माती नष्ट होते, ब्राँझचा पुतळा गावोगावच्या चौकांत जातो; शिल्पकाराच्या हाताचा मूळ स्पर्श सर्वाधिक टिकून असतो तो प्लॅस्टरच्या प्रतीत. या प्रती अवजड, ठिसूळ व जागा अडविणाऱ्या असतात. शिल्पकार गेल्यावर कार्यशाळा रिकामी करताना त्या फोडल्या जाण्याचा धोका असतो. शिल्पालय हा धोका टाळते. चौकातील पुतळा उंच चौथऱ्यावरून दुरूनच पाहावा लागतो. शिल्पालयात डोळ्यांची ठेवण, वस्त्राची चुणी व अंगठ्याने दाबलेल्या मातीची खूण हातभर अंतरावरून दिसते. होतकरू शिल्पकारांच्या शिक्षणासाठीही ते उपयुक्त ठरते. व्हिगेलानच्या उद्यानामागे नगरपालिकेचा करार होता. कोकणातील शिल्पालयांचा भार मुख्यतः शिल्पकार व त्यांचे कुटुंबीय यांनी उचलला, हा दोहोंतील महत्त्वाचा फरक होय.

जतन व देखभाल : उघड्यावरील शिल्पांची झीज अटळ असते; निगा राखून तिचा वेग कमी करता येतो. ठाणे-कल्याण परिसरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सामान्यतः २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व हवा दीर्घ काळ दमट राहते. खाडी व समुद्र यांमुळे हवेत क्षारांचे कण असतात, तर वाहने व कारखाने यांतून सल्फर डाय-ऑक्साइड बाहेर पडतो.

ब्राँझ हा तांबे व कथिल यांचा मिश्रधातू. हवेच्या संपर्काने त्यावर तपकिरी वा हिरवट थर जमतो आणि तो सलग व घट्ट असल्यास आतील धातूचे रक्षण करतो. म्हणून पुतळा चकचकीत करण्यासाठी तो घासून काढणे अनिष्ट असते. क्षारांतील क्लोराइडे मात्र धातूत खोल शिरतात व फिकट हिरव्या भुकटीच्या रूपाने त्याला पोखरतात. त्यावर उपाय म्हणून पुतळा स्वच्छ पाण्याने धुऊन, वाळवून त्यावर ठराविक काळाने मेणाचा पातळ थर देतात. संगमरवर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटाचा असल्याने आम्लयुक्त पावसाने झिजतो; सल्फर डाय-ऑक्साइडाच्या प्रक्रियेने त्याच्या पृष्ठभागाचे जिप्सममध्ये रूपांतर होऊन काळी खपली धरते व नाक, बोटे, अक्षरे यांसारखे नाजूक भाग प्रथम बोथट होतात. सह्याद्रीचा काळा पाषाण (बेसाल्ट) त्या मानाने चिवट असतो. अंबरनाथचे शिल्पकाम साडेनऊशेहून अधिक पावसाळे सोसूनही बऱ्याच अंशी ओळखता येते. मात्र शेवाळ, दगडफूल व फटींत रुजणारी पिंपळाची रोपे त्यालाही फोडतात. जोडकामात वापरलेल्या लोखंडी सळ्या गंजून फुगतात व आतून तडे पाडतात. सिमेंटचा गिलावा व तैलरंग लावल्याने दगडातील ओल आतच कोंडली जाते. श्रद्धेने वा हौसेने केलेली अशी रंगरंगोटी अनेकदा पावसापेक्षाही अधिक घातक ठरते.

शिल्पोद्यानाची आखणी करताना चौथऱ्याभोवती पाण्याचा निचरा, झाडांच्या मुळांचे अंतर, पक्ष्यांची वसतिस्थाने, दिवसाच्या निरनिराळ्या वेळचा प्रकाश आणि प्रेक्षकांना मागे सरून पाहण्यास पुरेशी जागा यांचा विचार करावा लागतो. शिल्पे एकमेकांच्या दृष्टिपथात दाटीने येऊ नयेत, हाही एक महत्त्वाचा दंडक आहे. प्रत्येक शिल्पाचे छायाचित्र, मापे, द्रव्य, शिल्पकार, दाता व दुरुस्त्या यांची नोंदवही ठेवल्यास झीज किती व केव्हा झाली, हे पुढील पिढीस समजू शकते.

दानाच्या अटी व कायदा : दान स्वीकारताना दाता व संस्था यांच्यात लेखी करार होणे इष्ट असते. शिल्पे विकता येतील काय, हलविता येतील काय, हलविल्यास कोणाची संमती घ्यावयाची, देखभालीसाठी वेगळा निधी कोणी द्यावयाचा आणि उद्यान विनामूल्य खुले राहील काय, या गोष्टी त्यात स्पष्ट असाव्यात. नुसती शिल्पे देऊन देखभालीची तरतूद न केल्यास दान संस्थेला ओझे होते. उलट, अटी फार जाचक असल्या, तर बदलत्या काळानुसार उद्यानाची पुनर्रचना करणे अशक्य होते.

शिल्पकाराचे हक्क दानाने वा विक्रीने पूर्णतः संपत नाहीत. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ याच्या ५७ व्या कलमाने कर्त्याला आपल्या कृतीच्या विद्रूपणाविरुद्ध दाद मागता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून कोठारात टाकण्यात आले व त्याची मोडतोड झाली. त्यावर सहगल यांनी दावा लावला. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्याचा व पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश शासनाला दिला. कलाकृती शासनाच्या मालकीची असली, तरी ती नष्ट होऊ देण्याची मुभा मालकाला नाही, हे तत्त्व या निर्णयाने प्रस्थापित केले. निकाल लागेपर्यंत मात्र शिल्प मूळ रूपात उरले नव्हते.

गधेगाळावरील शाप, दानपत्रातील अट आणि कायद्याचे कलम या तिन्हींचा हेतू एकच आहे. त्यांपैकी कोणतेही एकट्याने पुरे पडत नाही, हे घारापुरीचा हत्ती, व्हिक्टोरियाचा पुतळा व सहगल यांचे भित्तिशिल्प यांच्या इतिहासावरून दिसून येते. हत्ती जुळविणारे हात, डाग काढणारा रसायनशास्त्रज्ञ, शिल्पालयाची किल्ली सांभाळणारे कुटुंब आणि पावसाळ्यानंतर नियमाने चौथरा धुणारा माळी यांच्यामुळेच दिलेले शिल्प लोकांपर्यंत पोहोचते. दाता शिल्पोद्यानाचा आरंभ करू शकतो. ते चालू ठेवण्याचे काम त्या शहराला दर वर्षी नव्याने करावे लागते.